चार नंबरच्या काउंटरवरचा माणूस

आमच्या आदिलाबादच्या शाखेत तीन नंबरच्या काउंटरवर मी बसायचो आणि चार नंबरवर तो. मध्ये फक्त एक काच. काम एकच, संगणकही दोघांचे एकाच दिवशी आलेले. तरी त्याच्यासमोरची लाइन पाण्याच्या फिल्टरला वळसा घालून दारापर्यंत जायची आणि माझ्यासमोर नुसती फरशी दिसायची. मी हात हलवून बोलवायचो, "इकडं या ना, इथं कोनी नाई." लोक माझ्याकडे बघून हसायचे, मान डोलवायचे आणि होते तिथंच उभे राहायचे. एका म्हाताऱ्यानं तर मला समजावलं होतं, "नाई साहेब, आमाले काई घाई नाई."

हे मी अकरा वर्षं पाहिलं. हेवा हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मी म्हणायचो, हा माणूस काम सावकाश करतो म्हणून लाइन लांबते. एकदा घड्याळ लावूनही पाहिलं. तो माझ्यापेक्षा भरभर काम करत होता.

माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. समोर मी त्याला अहो-जाहोच करायचो, पण मनात तो 'तो' होता, आणि इथं मी मनातलंच लिहितोय.

तो तलमडुगुकडच्या एका खेड्यातला. घरी ज्वारी-कापूस, भाऊ शेती बघायचा. उंच, वाळका, शर्ट कायम पांढरा. बँकेनं सगळ्यांना चाकांच्या खुर्च्या दिल्या तेव्हा त्यानं आपली परत केली आणि घरून लाकडी स्टूल आणलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "खुर्ची फिरते अन् मंग नोटा मोजताना नजर बी फिरते." चहा अर्धा अर्धा दोनदा प्यायचा, पूर्ण कप कधीच नाही. तेलुगु, हिंदी, मराठी तिन्ही सारख्याच सफाईनं बोलायचा, आकडे मात्र मराठीतच मोजायचा. समोर तेलुगु माणूस असला तरी "सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी" चालायचं आणि तो माणूस निमूट ऐकायचा.

लोकांना तो नावानं हाक मारत नसे, गावानं मारायचा. "ए इचोडा, सही राह्यली." "तलमडुगु, पासबुक घेऊन जा." मी शहरातला, म्हणून मला 'टाउन' म्हणायचा. आणि खिशात खडू असायचा. काउंटरच्या काळ्या ग्रॅनाइटवर तो लोकांना हिशेब मांडून दाखवायचा आणि बाहीनं पुसायचा. त्या बाहीवरून त्याची बायको त्याला रोज बोलायची म्हणे.

सीताफळाच्या दिवसांत लोक त्याच्यासाठी सीताफळं आणायचे, थंडीत हुरडा. तो पुडी उघडायचा आणि पहिली मूठ माझ्या टेबलावर ठेवायचा. "घ्या, टाउन." तो हुरडा माझ्या घशाखाली कधी नीट उतरला नाही.

तेव्हा आमच्या राज्याची अजून दोन राज्यं झाली नव्हती आणि बँकेचे सगळे हुकूम हैदराबादहून यायचे. एक दिवस हुकूम आला की प्रत्येक शाखेनं क्रेडिट कार्डं खपवायची. गावात कार्ड घासायचं मशीन जेमतेम चार ठिकाणी: एक पेट्रोल पंप, सोन्याची दोन दुकानं आणि बुटांचं एक शोरूम. पण हुकूम तो हुकूम. मॅनेजर साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावून फॉर्मचे गठ्ठे वाटले. कार्डांच्या कामाचा प्रमुख म्हणून मला नेमलं. जो जास्त खपवेल त्याचा हैदराबादला सत्कार.

मला वाटलं, आता कळेल कोण किती पाण्यात आहे.

माझी पद्धत सोपी होती. "जिंदगीभर फ्री हाय. पहिले घ्या, मंग पाहू." शिक्षक, कंपाउंडर, वनखात्याचे गार्ड, लग्न ठरलेला एक इंजिनिअर, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. लोक माझ्या काउंटरवर आपण होऊन येत नव्हते, म्हणून मीच त्यांच्या ऑफिसात जायचो.

त्याच्याकडे लोक कार्ड मागायला यायचे आणि तो त्यांना परत पाठवायचा. मी काचेतून ऐकत असायचो. एकदा हायस्कूलचे एक मास्तर आले. पगारवाढ नुकतीच झालेली, चेहरा खुललेला.

"कार्ड पाहिजे? गेल्या महिन्यात पगार किती तारखेले संपला?" त्यानं विचारलं.

मास्तर हसले. "संपते की वीस-बावीस तारखेले. सगळ्यायचाच संपते."

"मंग बावीस ते तीस काय करता?"

"उसने घेतो शेजाऱ्याकडून."

"तो व्याज लावते का?"

"नाई. तो काऊन लावन?"

"मंग त्याच्याकडूनच घेत राहा." आणि त्यानं फॉर्म परत गठ्ठ्यात ठेवला.

मी लगेच काचेवर टकटक केलं. "मास्तर, इकडं या. मी आत्ता देतो, पाच मिनटाचं काम." मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "नाई साहेब, देतीन तवा त्यायच्याकडूनच घेतो." ज्यानं त्यांना नाही म्हटलं त्याच्याच हातून त्यांना कार्ड हवं होतं!

चार महिन्यांनी मास्तर पासबुक घेऊन आले. तीस तारखेला खात्यात अकराशे रुपये उरले होते. ते त्यांनी पदक दाखवावं तसं दाखवलं. त्यानं दुसरा प्रश्न विचारला, "हे कार्ड घरात कोनाले दाखवसान?"

"बायकोले दाखवतो की."

"बिल बी?"

मास्तरांनी जरा विचार केला. "बिल बी."

मग त्यानं स्वतः फॉर्म भरला आणि खडू काढून ग्रॅनाइटवर दोन तारखा लिहिल्या. "ही बारा तारीख. या दिवशी तुमचं बिल बनते. अन् ही दोन तारीख, या दिवशी पैसे भराचे. तेराले खरेदी केली तर पन्नास दिवस बिनव्याजी. अकराले केली तर एकवीसच. पन हे कवा? पूर्न बिल भरलं तर. शंभर रुपये जरी मागं ठेवले तर दुसऱ्या दिवसापासून नव्या खरेदीलेबी व्याज लागते. अन् कार्डानं एटीएममधून रोख काढाची नाई. त्याले एक दिवसबी माफी नाई, काढली त्या मिनटापासून मीटर चालू." मास्तर तारखा वहीत उतरवून घेईपर्यंत तो थांबला, मग बाहीनं पुसल्या. हरवलं तर कुठं फोन करायचा तो नंबर मास्तरांना घरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगितला. म्हणे, कार्डाबरोबर पाकीट जाते, पाकिटातला नंबर काय कामाचा?

हे सगळं मलाही माहीत होतं. प्रशिक्षणाला तर मीच गेलो होतो.

कार्डांच्या जाहिरातीत ठिकठिकाणी छोटी फुली असते ना, जिचा खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, तिला तो चांदणी म्हणायचा. "चांदनी दिसली की खाली पाहा." 'जिंदगीभर फ्री'वरही चांदणी होती. वर्षाला ठरावीक खर्च केला नाही तर फी लागत होती. एक ठेकेदार सोनेरी कार्ड मागायला आला, त्यावर विमानतळाच्या आरामखोलीत फुकट बसायची सोय होती. हा म्हणाला, "तिथं बसाले पहिले विमानानं जा लागते. तुमी कुठं जाता?" ठेकेदार म्हणाला, "निर्मल." ते बसनं दोन तासांवरचं गाव. साऱ्या लाइनीत हशा झाला, ठेकेदारही हसला आणि साधं कार्ड घेऊन गेला. मी तोच विनोद केला असता तर भांडण झालं असतं.

त्याच्याजवळ स्वतःचं कार्ड होतं. हे पुष्कळांना खरं वाटत नसे. उलट शाखेत पहिलं कार्ड त्यानंच घेतलं. पाचही प्रकारचे कागद घरी नेऊन आठवडाभर भिंगातून वाचले आणि ज्याच्या कागदावर सगळ्यांत कमी चांदण्या होत्या ते निवडलं. ते तो खिशात ठेवत नसे. बायकोच्या कपाटात साड्यांच्या घडीत असायचं आणि चावी तिच्या कमरेला. म्हणजे काही घ्यायचं तर आधी तिला सांगायचं, काय घेतोय, का घेतोय. "अर्धी खरेदी तं तिथंच मरते," तो म्हणायचा. उरलेली तो तेरा तारखेला करायचा: मोपेडचं पेट्रोल, कधी बूट, एकदा मुलीसाठी कानातलं. बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचा. नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या भावाला ठेवायची वेळ आली तेव्हा अनामत रक्कम त्यानं कार्डावर भरली, घरचा कापूस विकला गेल्यावर तारखेआधी फेडली आणि व्याजाचा एक पैसा दिला नाही. हे त्यानं नाही, त्याच्या भावानं बँकेत येऊन सांगितलं, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं. मी खाली मान घालून नसलेलं काम करत होतो.

वर्षअखेर आकडे लागले. माझी एकशे सदतीस कार्डं, त्याची अकरा. हैदराबादला मोठ्या हॉटेलात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. परत आलो तेव्हा वाटलं, निदान शिपाई तरी विचारेल. सकाळी साडेदहाला दार उघडलं आणि लोक आत आले, नेहमीसारखे चार नंबरकडे वळले. त्यानंच मात्र काचेवर टकटक करून म्हटलं, "टाउन, पेढे कुठं हायेत?" मनापासून म्हटलं होतं. ते मनापासून होतं हेच मला सोसलं नाही.

त्याच आठवड्यात मी कार्डांचा रिपोर्ट लिहिला. त्यात एक परिच्छेद घातला: चार नंबरच्या काउंटरवरून ग्राहकांना कार्ड घेण्यापासून परावृत्त केलं जातं, त्यामुळे शाखेचं नुकसान होतं, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खाली सही केली आणि मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते सही करून पुढे हैदराबादला धाडणार होते.

आता माझ्या कार्डांचं सांगतो. माझ्याजवळ चार होती. पहिलं आकडा भरायला घेतलं. दुसऱ्यावर फ्रिज आला, तिसऱ्यावर सोफा. मग दोन बिलं एकाच आठवड्यात आली, तेव्हा चौथ्यावरून एटीएममधून रोख काढून दोन्हीची किमान रक्कम भरली. ते एकदा जमलं की सवयच लागते. दर महिन्याला मी किमान रक्कम भरायचो आणि स्वतःला सांगायचो, सगळं वेळेवर चाललंय. पुढे एका कार्डाची तारीख चुकली तरी तेच सांगत राहिलो. बिलं कपाटात वर्तमानपत्राच्या अंथरलेल्या कागदाखाली ठेवायचो. बायकोला वाटायचं फ्रिज माझ्या बोनसमधून आला.

रिपोर्ट टेबलावर ठेवून तीन-चार दिवस झाले असतील. साडेअकराच्या सुमाराला मी व्हाउचरं घेऊन रेकॉर्डच्या खोलीत गेलो होतो. परत येताना पाहिलं तर त्याच्या लाइनीत, एका पेन्शनर आजोबांच्या मागे, माझी बायको उभी होती. हातात पिशवी, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. नवरा ज्या बँकेत बसतो त्या बँकेत ती आली होती आणि दुसऱ्याच्या लाइनीत उभी होती.

मी लोखंडी कपाटाच्या आड थांबलो.

तिचा नंबर आला. तिनं पिशवीतून कागद काढले. ते कपाटातले होते, घड्यांवरूनच ओळखले.

"वयनी! तुमी या लायनीत काऊन उभ्या?"

"भाऊ, काल घरी फोन आला होता. कोनी बाई हिंदीत बोलून राह्यली होती, पैसे भरा म्हने. मंग मी कपाट पाह्यलं. हे चार कागद सापडले. मले वाचता येते, पन काई समजून नाई राह्यलं."

"घरी यायले विचारलं का?"

"नाई," ती म्हणाली. "तुमच्याकडं आली पहिले."

मी अकरा वर्षं ज्या लाइनीकडे बघत होतो तिच्यात शेवटी माझ्या घरचंच माणूस उभं राहिलं. त्या क्षणी मला कर्जाची लाज वाटली नाही. तिनं त्याला आधी विचारलं याचीच आग झाली.

त्यानं एकेक कागद बोट फिरवत वाचला. मग त्यानं कागद नीट घडी करून तिच्या हातात परत दिले.

"हे माझं काम नाई, वयनी. कार्डाचा मानूस तीन नंबरवर बसते. या शाखेत त्याच्याएवढं कोनाले नाई समजत. त्याले एकच विचारा. हे खाली 'किमान रक्कम' लिहिलं हाय ना? तेवढीच भरत राह्यलं तर कर्ज कवा फिटन?"

"ते जाग्यावर नाईत."

"येतीन. उभ्या राहा तिथं."

ती सरकली आणि माझ्या काउंटरसमोर उभी राहिली. एकटीच. मला बाहेर यावंच लागलं. मी खुर्चीत बसलो. सकाळी आम्ही एकत्र पोहे खाल्ले होते. तिनं काचेखालून कागद सरकवले आणि, आजूबाजूला लोक होते म्हणून असेल, म्हणाली, "साहेब, एवढीच रक्कम भरत राह्यलं तर हे कवा फिटन?"

मी कॅल्क्युलेटर घेतला. सगळ्यांत मोठ्या बिलावर अडतीस हजार होते. महिन्याचं व्याज जवळपास तीन टक्के, किमान रक्कम पाच टक्के. म्हणजे एकोणीसशे भरले की त्यातले अकराशे व्याजातच जातात, आणि रक्कम घटते तशी किमानही घटते, म्हणून फेड लांबतच जाते. मी बटणं दाबत गेलो. ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"पंधरा-सोळा वर्षं," मी म्हणालो.

"पोरगी आता सहाची हाय," ती म्हणाली.

मी कॅल्क्युलेटर बंद केला.

"मंग कसं कराव, साहेब?"

आणि मी सांगायला लागलो. चारही कार्डं आजपासून वापरायची बंद. ज्याच्यावर रोख काढली ते सगळ्यांत आधी संपवायचं. बँकेच्या कर्मचाऱ्याला स्वस्त व्याजानं कर्ज मिळतं, त्यासाठी अर्ज करायचा, त्या पैशातून चारही फेडायची आणि त्यांतली तीन, लेखी पत्र देऊन, बंद करायची. नुसती कापून टाकली तर खातं चालूच राहतं आणि फी लागत राहते. एक ठेवायचं, कमी मर्यादेचं, आणि पुढच्या पगारात पूर्ण भरता येईल तेवढंच त्यावर घ्यायचं. एका दमात सगळं सांगितलं. कुठं अडलो नाही. एकशे सदतीस जणांना मी कार्डं दिली होती आणि यातलं एक वाक्य त्यांतल्या कोणाला सांगितलं नव्हतं.

ऐकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "एवढं सगळं येते तुमाले..." कागद तिथंच ठेवून निघून गेली.

पलीकडे तो पुढच्या माणसाला पैसे मोजून देत होता. सबंध वेळात त्यानं एकदाही काचेतून इकडे पाहिलं नाही. दुपारी मात्र माझ्या टेबलावर कर्मचारी कर्जाचा कोरा फॉर्म होता, ज्याला तो जुन्या लोकांसारखं 'दरखास' म्हणायचा. कोणी ठेवला ते विचारायची गरज नव्हती.

अर्ज केला. मॅनेजर साहेबांनी वाचला, चष्मा काढला. "क्या जी, कार्ड के चॅंपियन! आपकोच होना क्या लोन?" कर्ज मंजूर झालं, कार्डं फिटली. घरी बायको कामापुरतं बोलायची.

त्या रिपोर्टाचं काय, असं कोणी विचारेल. मी तो परत मागू शकलो असतो. निदान हैदराबादला एक फोन करू शकलो असतो. रोज ठरवायचो. पण रोज सकाळी दार उघडायचं, लोक चार नंबरकडे वळायचे, आणि मी फोनला हात लावायचो नाही. उपकार झाल्यावर हेवा कमी होत असेल असं मला वाटायचं. माझा वाढला.

तीन आठवड्यांनी त्याच्या बदलीचा हुकूम आला. इचोडा. हायवेवरची छोटी शाखा. त्याला नोकरीची पाच-सहा वर्षं उरली होती. निरोपाचं भाषण करायला मॅनेजरांनी मलाच उभं केलं, शेजारी बसायचो म्हणून. मी चांगलं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं त्याच्यासाठी अनारसे करून पाठवले होते, आणि ते त्याच्या हातात मीच दिले.

चार नंबर मला मिळाला. पहिल्या दिवशी खरंच लाइन लागली. पहिल्या माणसानं विचारलं, "ते साहेब कुठं गेले?" मी म्हणालो, "इचोड्याले." तो "बरं" म्हणाला आणि गेला. दुसराही तेच विचारून गेला. आठवडाभरात मला कळलं की लोक बसमध्ये बसून इचोड्याला जातात. पैसे काढायला आमच्याकडे आणि विचारायला त्याच्याकडे! मास्तरही गेले. मुलाला हैदराबादला नोकरी लागली होती, पहिलं कार्ड कोणतं घ्यावं ते विचारायचं होतं.

सात-आठ महिने काढले. मग एका शनिवारी अर्ध्या दिवसाचं काम आटोपून मीही इचोड्याची बस धरली.

शाखा एका टायरच्या दुकानाच्या वर होती. खाली ट्रक उभे, धाब्यांवरून फोडणीचा वास. तो कुलूप लावून जिना उतरत होता. मला बघून त्याला आनंद झाला. ओढून धाब्यावर नेलं, चहा मागवला, बायकोची, मुलीची चौकशी केली. कार्डांचं चुकूनही काढलं नाही. माझा चहा निवत चालला होता.

"तुमची बदली माझ्यामुळं झाली," मी म्हणालो. "रिपोर्टात मी लिहिलं होतं."

"माहीत हाय," तो म्हणाला. "मॅनेजरनं दाखवला होता मले. पुढं धाडाच्या पहिले."

"कवा?"

तो जरा थांबला. सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं. मग म्हणाला, "वयनी आल्या ना बँकेत, त्याच्या आदल्या दिवशी."

रस्त्यावरून नागपूरकडे जाणारा एक लांब ट्रक गेला. मी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"मंग तुमी काई बोलले काऊन नाई?"

"काय बोलाव? तुमी खोटं थोडीच लिहिलं होतं. नाई म्हनतच होतो मी लोकायले."

"अन् दुसऱ्या दिवशी तिले माझ्याकडं काऊन पाठवलं? सगळ्यायसमोर तुमी मले..."

त्याला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. कपाळाला आठ्या घालून तो म्हणाला, "तुमाले उत्तर येत होतं ना."

बस आली. मला दारापर्यंत सोडून तो कंडक्टरशी तेलुगुत काहीतरी बोलला, कंडक्टर हसला, आणि मी चढेपर्यंत बस थांबली. आदिलाबाद येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन्हीकडे कापूस फुटला होता. क्षमा मिळाल्यावर माणसाला हलकं वाटत असावं. मला तसं काही वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या दिवशी चार नंबरवर मी असतो, आदल्या दिवशी वाचलेला तो रिपोर्ट माझ्या डोळ्यांपुढं असता आणि समोर त्याची बायको उभी असती, तर मी तिला कुठं पाठवलं असतं?

घरी पोचलो तेव्हा बायको ओसरीत चटई टाकून ज्वारी निवडत बसली होती. "भेटले का भाऊ?" तिनं विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिपोर्टाचं तिला माहीतच नव्हतं. ऐकता ऐकता तिचा हात सुपात थांबला.

"म्हंजे मी गेली तवा त्यायले माहीत होतं?"

"हाव. आदल्या दिवशीपासून."

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मला वाटलं, आता उठून आत जाईल आणि मग पुन्हा महिनाभर कामापुरतं बोलेल.

"मंग आता तुमाले काय वाटून राह्यलं?" तिनं विचारलं.

पश्चात्ताप होतोय, असं सांगायचं मी बसमध्ये ठरवून ठेवलं होतं.

"हेवा," मी म्हणालो. "अजूनबी हेवाच वाटून राह्यला."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्या फोननंतर पहिल्यांदाच तिनं असं पाहिलं होतं.

"हे मात्र खरं बोलले तुमी," ती म्हणाली, आणि सूप उचलून, मला जागा करत, चटईवर थोडी सरकली.